गाठी पुढे कुठे गेल्या?

(दहावी, मार्च १९९६ची तुकडी)

नववीत असताना सरांनी इतिहासाच्या तासाला एक गृहपाठ दिला होता. कोणाला आठवतो का? "आपल्या गावात जे पिकतं ते जातं कुठं, हे घरी विचारून लिहून आणा." बहुतेकांनी एका ओळीत उरकलं होतं, मीही त्यातलीच. "आमच्या गावचा कापूस परभणीच्या बाजारात जातो," एवढं लिहून वही दिली. परत आली तेव्हा त्या ओळीखाली लाल शाईत एकच शब्द होता, "पुढे?"

सरांनी नंतर त्याबद्दल विचारलं नाही आणि मीही काही लिहिलं नाही. स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असा निरोप आपल्या व्हॉट्सअॅप गटावर आला तेव्हा पहिल्यांदा ती वही आठवली. कारण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरापासून पाऊण तासाच्या अंतरात पसरलेलं आहे आणि मी रोज सकाळी त्याच्यावरून चालत जाते. तेव्हा सर, तीस वर्षं उशिरा का होईना, गृहपाठ पूर्ण करून देते आहे.

नांदेडहून अभियांत्रिकीची पदवी घेतली, काही वर्षं पुण्यात काढली आणि मग नोकरीने मुंबईत आणलं. मी बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. राहते काळाचौकीला. हा एके काळचा गिरणगाव. घरापासून थोडं पूर्वेला गेलं की हार्बर लाइनचे रूळ लागतात आणि रुळांच्या पलीकडे सगळी बंदराची जमीन. तिकडे मी एरवी कधी गेले नसते. मला नेलं ते सरकीने.

सरकी म्हणजे आमची कुत्री. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, रुईत अडकलेल्या सरकीसारखे, म्हणून हे नाव. कॉटन ग्रीनच्या एका बंद गोदामाच्या पायरीवर २०१९च्या पावसाळ्यात ती भिजत बसलेली सापडली. तिला सकाळी फिरवायला नेते असं आईला फोनवर सांगितलं तर ती हसायची थांबेना. "कुत्र्याला फिरवायला न्यावं लागतंय व्हय? आपल्याकडं कुत्रं आपलं आपण फिरतंय की!" आईचं खरं आहे. ताडकळसला कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घालून निघालेली बाई दिसली असती तर आपण सगळे तिच्या मागून हसत गेलो असतो.

सरकी जिथे जन्मली तिथेच ओढ घेते. त्यामुळे आमची वाट ठरलेली. रुळांवरचा पूल ओलांडायचा, कॉटन ग्रीन स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं, कापसाच्या गोदामांमधून झकेरिया बंदर रोडने शिवडीकडे जायचं. रविवारी वेळ असला की थेट शिवडीच्या जेट्टीपर्यंत.

आता या नावांकडे येऊ. मुंबईला नवी आले तेव्हा 'कॉटन ग्रीन' हे स्टेशनचं नाव वाचून मला वाटलं होतं की हिरव्या, कच्च्या बोंडांशी याचा काही संबंध असावा. तसं नाही. 'ग्रीन' म्हणजे हिरवळीचं मोकळं मैदान. असं मैदान पहिल्यांदा होतं फोर्टात, टाउन हॉलच्या समोर, जिथे आज हॉर्निमन सर्कल आहे. बंदरात चढवायच्या कापसाच्या गाठी तिथे उघड्यावर रचून ठेवत आणि तिथेच सौदे होत. १८४४मध्ये हा बाजार कुलाब्याला हलवला. पुढे रेल्वे आणि गिरण्या उत्तरेकडे वाढल्या, कुलाबा अडचणीचं होऊ लागलं आणि १९२०च्या दशकात बाजार पुन्हा उठला तो शिवडीजवळच्या या नव्या जागेत आला. बाजार दोनदा हलला आणि जाताना नावही बरोबर घेऊन गेला. आज तिथे ना मैदान आहे ना हिरवळ.

बाजार हलवला ती जमीनही नवीच होती. माझगाव ते शिवडी हा सगळा किनारा पूर्वी खाजणाचा, चिखलाचा. बॉम्बे पोर्ट ट्रस्टने १९१०च्या आसपास तिथे भराव टाकून ५०० एकरांहून जास्त जमीन तयार केली. म्हणजे मी आणि सरकी ज्या रस्त्याने चालतो तिथे माझ्या पणजोबांच्या लहानपणी भरतीचं पाणी येत होतं.

हे सगळं उभं राहिलं कापसामुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईत समुद्र हटवून जमिनी करायच्या कंपन्या निघाल्या. युद्ध संपलं, भाव कोसळला आणि १८६५मध्ये कित्येक श्रीमंत रस्त्यावर आले. पूर्व किनाऱ्यावर भराव घालणारी एल्फिन्स्टन कंपनी सरकारने १८७०मध्ये विकत घेतली आणि १८७३मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. त्यानंतर प्रिन्सेस डॉक १८८० साली, व्हिक्टोरिया डॉक त्या दशकाच्या अखेरीस आणि अलेक्झांड्रा डॉक १९१४ साली सुरू झाला. या तिसऱ्याला आता इंदिरा डॉक म्हणतात. १९१५मध्ये बंदराची स्वतःची मालगाडीची रेल्वे सुरू झाली. आपण हार्बर लाइन म्हणतो ती प्रवासी रेल्वे याच किनाऱ्याच्या कडेने गेली. भारतातली पहिली विजेवर चालणारी गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली ती याच मार्गाने.

आता सरांच्या प्रश्नाकडे. परभणीच्या पुढे काय?

आपल्याकडे वेचलेला कापूस जिनात जायचा. तिथे सरकी निघायची, रुई वेगळी व्हायची. रुई प्रेसमध्ये दाबून, तागाच्या गोणपाटात गुंडाळून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून तिची गाठ बांधायची. परभणी, सेलू, मानवत, नांदेड या भागात हे कारखाने होते. आपल्या देशी वाणाला मुंबईच्या व्यापारात 'हैदराबाद गावराणी' म्हणत, कारण १९४८पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. निजामाच्या राज्याला समुद्रच नव्हता. म्हणून माल इंग्रजांच्या बंदरात न्यावा लागे. हैदराबाद ते मनमाड ही मीटर गेजची लाइन १९००च्या सुमारास पूर्ण झाली आणि आपला भाग मुंबईला जोडला गेला. पण मनमाडला छोटे रूळ संपायचे आणि मोठे सुरू व्हायचे. डबा पुढे जाऊ शकत नसे. म्हणून एकेक गाठ एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावी लागे. आपण शाळेत होतो त्याच १९९०च्या दशकात आपल्याकडचे रूळ रुंद झाले, ते काम तुम्ही पाहिलं असेल.

या गाठींशी माझ्या घराचा एक संबंध आहे, तो मी वर्गात कधी सांगितला नाही. तेव्हा लाज वाटायची. माझे आजोबा कापसाच्या हंगामात परभणी स्टेशनच्या मालधक्क्यावर हमाली करायचे. दिवाळी झाली की जायचे ते शिमग्याला परत यायचे. आमची कोरडवाहू जमीन होती, पण तिच्यावर वर्ष निघत नसे. त्यांच्या उजव्या खांद्यावर गाठीच्या पट्टीने कापल्याची जाड खूण होती. लहानपणी मी त्या खुणेवर बोट फिरवून विचारायचे, "आबा, गाठी कुठं चालल्या होत्या?" ते म्हणायचे, "मुंबईला." "मुंबईला कुठं?" "मला काय म्हाईत माय? डब्यात टाकली की आपलं काम झालं." आबांनी जन्मात मुंबई पाहिली नाही. मी नोकरीला लागायच्या आधीच ते गेले.

माझ्या वहीतल्या त्या ओळीपुढे सरांनी 'पुढे?' लिहिलं तेव्हा मी त्यांना विचारू शकले असते. ते ओट्यावरच बसलेले होते.

कॉटन ग्रीनच्या गोदामांत त्याचं उत्तर मिळालं. कौलारू उतरत्या छपरांच्या लांबच लांब रांगा, मधून दगडी रस्ते, दारांवर फिकट झालेले क्रमांक. काही गोदामांत आजही कसला ना कसला माल असतो, काही कुलूपबंद आहेत, काहींच्या छपरातून पिंपळ वर आलेत. समोर कॉटन एक्स्चेंजची भव्य इमारत आहे. ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनचा, म्हणजे आताच्या कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाचा, पत्ता आजही तोच. देशातल्या कापसाच्या वाणांचे रोजचे भाव ही संस्था जाहीर करते. माझा भाऊ ताडकळसला मोबाइलवर भाव बघत असतो. त्याला मी एकदा त्या इमारतीचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "भाव हितून येतोय व्हय! मग जरा त्यांना सांग की वाढवा म्हणून."

गोदामांच्या वळणावर एक चहाची टपरी आहे. सरकी तिथे थांबते, कारण तिला तिथे बिस्किट मिळतं. तिथेच एका निवृत्त माथाडी मामांची ओळख झाली. मूळचे सातारा जिल्ह्यातले, पांढरी टोपी, हातात काठी. १९६०च्या दशकात, अंगावर मिशीही फुटली नव्हती तेव्हा, चुलत्याच्या मागे मुंबईला आले आणि याच गोदामांत लोखंडी हूक हातात घेतला. हूक गाठीत रोवायचा, गाठ पाठीवर घ्यायची आणि थप्पीवर चढवायची. आज एक गाठ १७० किलोंची धरतात. मामा म्हणाले, "दोघं-तिघं मिळून करायचं काम. एकट्यानं करील त्याची कंबर ऱ्हात न्हाई."

मी परभणीची, असं कळल्यावर मामा एकदम सरसावून बसले. "परभनी? आरं द्येवा! परभनी, नांदेड, सेलू, मानवत, समदी नावं गाठीवर वाचल्यात म्या. गाठीवर प्रेसची खून असायची, नंबर असायचा. मला वाचाया त्या गाठींनीच शिकवलं." मग थांबून म्हणाले, "गाव मात्र त्यातलं एकबी बघितलं न्हाई."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. आबांनी गाठी डब्यात टाकल्या, मुंबई पाहिली नाही. मामांनी गाठी डब्यातून काढल्या, परभणी पाहिली नाही. मधे मनमाडला आणखी कोणीतरी होता ज्याने दोन्ही पाहिली नसतील. कापसाचा इतिहास वाचायला गेलं की व्यापारी, दलाल, गिरणीमालक आणि गव्हर्नर यांची नावं मिळतात, त्यांचे पुतळेही आहेत. ही तीन माणसं कुठल्याच पुस्तकात नाहीत.

मामांमुळे एक गोष्ट मात्र कळली. आबा आणि मामा एकच काम करत होते तरी दोघांचं म्हातारपण वेगळं गेलं. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी ओझी वाहणाऱ्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. हमालाची नोंद, ठरलेली मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना, रजा या गोष्टी त्यातून आल्या. मामांना निवृत्तीच्या वेळी हातात काही रक्कम मिळाली, तिच्यात त्यांनी गावाकडे घर बांधलं. परभणीच्या मालधक्क्यावरच्या आबांना यातलं काही मिळालं नाही. त्यांच्या वाट्याला खांद्यावरची खूण तेवढी आली. कायदा सगळ्या राज्याचा होता, पण तो सगळीकडे सारख्या वेगाने पोचला नाही.

गोदामांच्या पुढे बंदरांची माळ लागते. इथे बंदर म्हणजे मालाची होडी लागायचा धक्का. पूर्व किनाऱ्यावरची नावं वाचत गेलं तर मुंबईला काय काय लागत होतं त्याची यादी तयार होते. दाणाबंदर धान्याचं, लकडी बंदर इमारती लाकडाचं, कौला बंदर कौलांचं, कोल बंदर कोळशाचं. 'हे बंदर' हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, "हे म्हणजे कोणतं?" तो 'हे' म्हणजे इंग्रजी गवत. शहरातली घोडी, बैल, म्हशी या सगळ्यांची वैरण तिथे उतरायची. दारूखाना म्हणजे तोफांच्या दारूचं कोठार. तिथे आज जुनी जहाजं तोडतात. आणि भाऊचा धक्का बांधला तो लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी. सरकारी साहेबांच्या नावाचे रस्ते आणि गोद्या सगळ्या किनाऱ्यावर आहेत, पण लोकांच्या तोंडी राहिला तो भाऊ.

सकाळच्या फेरीत व्हिक्टोरिया डॉक लागत नाही, तो बराच दक्षिणेला आहे. पण त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय या भागाचा इतिहास पुरा होत नाही. १४ एप्रिल १९४४. दुसरं महायुद्ध चालू होतं. 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज डॉकमध्ये उभं होतं. त्यात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि त्याच जहाजात कराचीहून भरलेल्या हजारो कापसाच्या गाठी. कापूस आणि स्फोटकं एकत्र! आपल्यापैकी कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला हे कोणी विचारलं असतं तर त्याने डोक्याला हात लावला असता. गंजीला लागलेली कापसाची आग आतल्या आत धुमसत राहते, हे आपण घरात पाहिलेलं असतं. दुपारी धूर दिसला, बंब आले, पाणी मारणं सुरू झालं. ४ वाजून ६ मिनिटांनी जहाज फुटलं आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला. शेकडो माणसं गेली, गोद्या आणि आजूबाजूच्या वस्त्या जळाल्या. आग विझवायला गेलेले ६६ जवान परत आले नाहीत. त्यांच्या आठवणीत देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. आपल्यासाठी १४ एप्रिल म्हणजे भीमजयंती, मिरवणूक आणि निळे झेंडे. त्याच तारखेला हीही एक आठवण आहे, ते मला मुंबईला आल्यावर कळलं.

कुत्र्यांचाही या शहरात इतिहास आहे. १८३२च्या जून महिन्यात कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायला माणसं लावली होती आणि दर कुत्र्यामागे बक्षीस ठेवलं होतं. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. ६ जूनला त्यांच्या सणाच्या दिवशीच कुत्री मारणारे फोर्टात आले तेव्हा लोक चिडले आणि शिपायांना चोप बसला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली, हिंदू, जैन, मुसलमानही सामील झाले आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीची रसद अडवली गेली. ऑगस्ट २०२५मध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजत होता, तेव्हा मला ही जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आठवत होती. कुत्र्यांवरून माणसं भांडतात तेव्हा त्यात कुत्र्यांपेक्षा जास्त काहीतरी असतं. शहर कोणाचं आणि कोणी कुठे राहायचं, हा वाद असतो.

तोच वाद आता या सगळ्या किनाऱ्याचा आहे. १९८९मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवाला नवं बंदर सुरू झालं, तेव्हा आपण प्राथमिक शाळेत होतो. माल मोठ्या पेट्यांतून, म्हणजे कंटेनरमधून, येऊ लागला आणि पाठीवर गाठ घेणाऱ्या माणसाची गरज संपली. त्याआधी १८ जानेवारी १९८२पासून गिरणी कामगारांचा संप झाला होता आणि रुळांच्या अलीकडच्या गिरण्या एकेक करून थंडावल्या होत्या. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या बुजवून आता तिथे सपाट जागा आहे. बंदराच्या रेल्वेचे रूळ काही ठिकाणी डांबराखाली गेलेत. सरकी एका जागी थांबते तिथे रस्त्यात दोन समांतर लोखंडी रेघा अजून दिसतात.

शिवडीच्या जेट्टीवर गेलं की सगळं एकत्र दिसतं. मागे टेकडीवर शिवडीचा किल्ला. इंग्रजांनी तो १६८०च्या सुमारास टेहळणीसाठी बांधला आणि १६८९मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याच बाजूने मुंबईत उतरला. समोर चिखल, ओहोटीला मैलभर उघडा पडणारा. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात, १९९०च्या दशकापासून लोक ते बघायला यायला लागले. आता त्यांची गर्दी ठाण्याच्या खाडीत आणि नवी मुंबईकडे जास्त असते. आणि डोक्यावर अटल सेतू, १२ जानेवारी २०२४ला खुला झालेला, २१.८ किलोमीटर लांब. तो जिथून सुरू होतो ते शिवडी आणि जिथे उतरतो तो न्हावा-शेवाचा परिसर. ज्या बंदराने या किनाऱ्याचं काम नेलं, त्याच्याकडे जायचा रस्ता याच किनाऱ्यावरून निघतो.

बंदराच्या जमिनीवर आता नवे आराखडे आहेत: पर्यटन, जलवाहतूक, बागा, उंच इमारती. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट जाता येतं, ते मलाही आवडतं. मी स्वतः राहते ती इमारतही जुन्या जागेवर उभी राहिलेली नवीच आहे. पण याच जमिनीवर हजारो कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. बंदरातच काम करणाऱ्यांनी बांधलेल्या वस्त्या आहेत त्या. जमीन केंद्राची असल्याने राज्याच्या झोपडपट्टी योजना तिथे सरळ लागू होत नाहीत आणि पाण्याच्या नळासारख्या गोष्टीसाठीही त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. त्यांना विचारलं तर ते म्हणतात, "बघू, कधी उठवतात ते."

माझ्या धंद्यात जुनी प्रणाली काढून नवी बसवायची असली की पहिला नियम असतो: जुनीमध्ये कोण काय करत होतं, ते आधी लिहून काढा. ते न लिहिता जुनं पुसलं, तर बंद पडलेल्या गोष्टी सहा महिन्यांनी कळतात आणि तोवर सांगणारा माणूस निघून गेलेला असतो. शहराचंही तसंच आहे, आणि गावाचंही.

कारण गाव तरी कुठे तसंच राहिलं आहे? आपण शाळेत होतो तेव्हा एकाधिकार खरेदीचे दिवस होते. केंद्राबाहेर कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची, माणसं गाडीखालीच झोपायची. 'नांदेड ४४'चं बी मिळालं की घरात आनंद व्हायचा. पुढे बीटी आलं, मग बोंडअळी आली आणि आता ताडकळसच्या शिवारात जिकडेतिकडे सोयाबीन. २०२५च्या सप्टेंबरात पावसाने तेही हातचं नेलं. त्याच्या आदल्या महिन्यात, १९ ऑगस्टला, परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं. भाऊ फोनवर म्हणाला, "आता कापूस बाहेरून येणार म्हणं. तुज्या बंदरात बघ बरं आला का." ज्या किनाऱ्यावरून आपल्या गाठी एके काळी जपानला आणि विलायतेला गेल्या, त्या देशात आता गाठी येतात. त्या येतात कंटेनरमधून, माझ्या वाटेवरून त्या दिसतसुद्धा नाहीत.

गेले दोन महिने टपरीवर मामा नाहीत. चहावाल्याने सांगितलं, मुलगा येऊन गावाकडे घेऊन गेला, गुडघे चालत नाहीत आता. सरकी रोज त्यांच्या बाकड्याखाली वास घेते आणि पुढे निघते. मामांकडून मला किती गाठींच्या खुणा, किती प्रेसची नावं विचारायची राहून गेली! आबांच्या वेळी जी चूक केली तीच पुन्हा केली.

म्हणून सर, हा माझा गृहपाठ: आमच्या गावचा कापूस परभणीच्या बाजारात जातो. तिथे त्याची रुई होते, रुईची गाठ होते. माझे आजोबा ती गाठ खांद्यावरून मालगाडीत चढवतात. मनमाडला एक अनोळखी माणूस ती दुसऱ्या गाडीत ठेवतो. मुंबईत कॉटन ग्रीनच्या गोदामात एक सातारचा माणूस तिच्यावरचं 'परभणी' हे नाव अक्षर लावून वाचतो. तिथून ती गिरणीत नाही तर जहाजात जाते.

आणि मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी जे ताडकळसला किंवा जवळपास आहेत त्यांच्यासाठी एक काम. गाड्या घेऊन कापूस पोचवणारी, जिनात राबलेली, हमाली केलेली, वेचणीला जाणारी म्हातारी माणसं अजून आपल्या घराघरांत आहेत. वेचणी तर बहुतेक आपल्या आयांनीच केली. स्नेहमेळाव्याला येण्याआधी एक संध्याकाळ त्यांच्यापाशी बसा. किती वाजता निघायचा, कुठे मुक्काम करायचा, वेचणीचा दर किलोला काय होता, मापात कोण कसं मारायचं, सगळं विचारा आणि मोबाइलवर बोलणं साठवून घ्या. जुनी खरेदीची पावती, गाठीची पट्टी, काही सापडलं तर घेऊन या. लिहून काढायचं काम मी करते.

एकेका ओळीत उरकू नका. सर लाल पेन घेऊन बसलेले असतील.